शाळेच्या लॅबमधली रसायनं : सुरक्षेची माहिती हाताशी कशी ठेवावी

जूनमध्ये शाळा उघडली, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. महिनाभर बंद असलेली लॅब, बाहेर बडोद्याचा बेचाळीस डिग्रीचा उन्हाळा नुकता कुठे उतरणीला लागलेला. अकरावीच्या प्रॅक्टिकलसाठी अमोनियाची बाटली हवी होती. पट्टेवाले काकांनी ती कपाटातून काढली, बाहेरचं झाकण फिरवलं, आतलं बूच अंगठ्यानं उचकटलं आणि आत कोंडलेला दाब फस्सकन बाहेर आला. थेंब थेट चेहऱ्यावर. “बेन, आंख बळे छे,” (बाई, डोळा जळतोय) एवढंच ते म्हणाले. मी त्यांना ओढत नळाखाली नेलं आणि वीस मिनिटं पाणी सोडत राहिले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “अमोनिया किती टक्क्यांचा होता?” मला सांगता आलं नाही. त्याची माहिती शाळेत होती. फाइलमध्ये होती, फाइल ऑफिसच्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या क्लार्कच्या घरी होती. दोन दिवसांनी ती फाइल उघडली तेव्हा आत स्पष्ट लिहिलेलं दिसलं : उघडण्याआधी बाटली थंड करावी. इंग्रजीत लिहिलेलं. काकांना गुजराती वाचता येतं, इंग्रजी नाही.

काकांचा डोळा वाचला. माझी झोप मात्र बरेच दिवस नीट लागली नाही. त्यानंतर आम्ही जी पद्धत बसवली ती इथे सविस्तर लिहिते आहे. बाटली ज्याच्या हातात आहे, त्याला त्या बाटलीची माहिती अर्ध्या मिनिटात, त्याच्या भाषेत मिळाली पाहिजे, एवढ्या एकाच कसोटीवर ती उभी आहे. तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी फाइल लावणं हे वेगळं काम आहे आणि ते त्यामानानं सोपं आहे.

आधी कपाटं रिकामी करा

माहिती गोळा करायची तर कशाची, हे आधी कळायला हवं. स्टॉक रजिस्टरवर विसंबू नका. रजिस्टरमध्ये नसलेल्या बाटल्या प्रत्येक लॅबमध्ये असतात. कुणा जुन्या सरांनी प्रदर्शनासाठी आणलेल्या असतात, नाही तर एखाद्या बंद पडलेल्या शाळेकडून आलेल्या असतात.

मुलं नसलेला दिवस निवडा. दोघांनी मिळून करा, एकट्यानं कधीच नको. गॉगल, हातमोजे, पायात बंद चपला, खिडक्या सताड उघड्या. एकानं बाटली वाचायची, दुसऱ्यानं लिहायची. वास घेऊन किंवा बूच उघडून ओळख पटवायची नाही.

काही बाटल्या दिसल्या तर हातसुद्धा लावू नका. पिक्रिक आम्ल पाण्यात ओलं असेपर्यंत ठीक असतं, पण सुकलं की ते स्फोटक असतं आणि झाकणाच्या आट्यांत अडकलेले त्याचे स्फटिक झाकण फिरवतानाच्या घर्षणानंही पेट घेऊ शकतात. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या ईथरमध्ये पेरॉक्साइड तयार होतात, तेही तसेच. रॉकेल उडून गेलेला सोडियम, पाणी आटलेला पांढरा फॉस्फरस, हेही त्याच यादीत. अशा वेळी लॅबला कुलूप लावा, मुख्याध्यापकांना कळवा आणि फायर ब्रिगेडला विचारा. “जरा बाजूला सरकवून ठेवते” असं म्हणू नका.

यादीत प्रत्येक बाटलीसाठी हे लिहा : लेबलवरचं नाव जसंच्या तसं, तीव्रता, उरलेलं प्रमाण, कंपनी, आल्याची तारीख, कपाट आणि फळी, कुठल्या प्रयोगाला लागतं आणि सीएएस क्रमांक, म्हणजे रसायनाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक. शेवटची गोष्ट बहुतेक जण सोडून देतात, आणि नेमकी तीच सगळ्यात कामाची.

कारण नावं फसवतात. सोडियम सल्फेट, सोडियम सल्फाइट आणि सोडियम सल्फाइड या तिघांत एखाददुसऱ्या अक्षराचाच फरक. पहिल्यावर विरल आम्ल टाकलं तर काही होत नाही. दुसऱ्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो. तिसऱ्यातून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यांचा तो विषारी वायू. घाईत लिहिलेल्या यादीवरून चुकीच्या रसायनाचा सुरक्षा माहितीचा कागद काढला, तर तो कागद नसण्यापेक्षाही वाईट. सीएएस क्रमांक मात्र प्रत्येक पदार्थाचा स्वतंत्र असतो. सल्फ्युरिक आम्लाचा ७६६४-९३-९, नायट्रिकचा ७६९७-३७-२, हायड्रोक्लोरिकचा ७६४७-०१-०.

या क्रमांकातला शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. तो सोडून बाकीचे आकडे उजवीकडून डावीकडे १, २, ३ असे गुणत जायचे आणि बेरीज करायची. सल्फ्युरिकचं पाहा : ३ गुणिले १, ९ गुणिले २, ४ गुणिले ३, ६ गुणिले ४, ६ गुणिले ५, ७ गुणिले ६. बेरीज १२९. एकम स्थानी ९, आणि क्रमांकाचा शेवटचा आकडाही ९. म्हणजे उतरवताना चूक झालेली नाही. आमच्या नववीच्या मुलींनी आख्खी यादी अशी तपासून दिली आणि माझ्याच दोन चुका काढल्या.

नको ते बाहेर

जी बाटली शाळेत नाही, तिची माहिती सांभाळावी लागत नाही. म्हणून कागद गोळा करण्याआधी यादीला कात्री लावा. सध्याच्या अभ्यासक्रमातल्या कुठल्याच प्रयोगाला लागत नसेल, तर का ठेवायची?

बेंझीन, कार्बन टेट्राक्लोराइड, आर्सेनिकची लवणं, क्रोमिक आम्लाचं काच धुण्याचं मिश्रण, ॲसबेस्टॉसचा गोल असलेल्या जुन्या तारजाळ्या, यांना शाळेत जागा नाही. पाऱ्याचे थर्मामीटर बदलून स्पिरिटचे किंवा डिजिटल घ्या. अमोनियम ओळखण्यासाठी वापरतात त्या नेसलर अभिकर्मकातही पारा असतो, हे पुष्कळ शिक्षकांच्या लक्षात येत नाही. जीवशास्त्राच्या बरण्यांतलं फॉर्मॅलिन विसरू नका. त्यातला फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणला जातो आणि त्या बरण्यांची झाकणं वर्षानुवर्षं झिरपत असतात. विज्ञान प्रदर्शनातला तो नारिंगी ‘ज्वालामुखी’ अमोनियम डायक्रोमेटचा असतो. त्यातलं क्रोमियम तशाच जातीचं विष आहे. मुलांना तो फार आवडतो, मला माहीत आहे. तरीही तो बंद करा.

काढलेलं टाकायचं कुठे? बेसिनमध्ये नाही, मैदानात खड्डा खणून नाही, कचऱ्याच्या गाडीत तर नाहीच. बेसिनचं पाणी आज ना उद्या विश्वामित्री नदीलाच मिळतं. धोकादायक कचऱ्यासाठी २०१६ चे केंद्राचे नियम आहेत आणि आपल्याकडे गुजरात प्रदूषण नियंत्रण बोर्डाचं प्रादेशिक कार्यालय बडोद्यातच आहे. यादी जोडून त्यांना पत्र लिहा, मान्यता असलेल्या संस्थेचं नाव मागा. उत्तर येईपर्यंत त्या बाटल्या वेगळ्या कपाटात, प्लास्टिकच्या खोल ट्रेमध्ये, ‘वापरू नये’ असं लिहून ठेवा.

एसडीएस मागवा, आणि वाचा

प्रत्येक रसायनाचा सुरक्षा माहितीचा कागद असतो. त्याला आता एसडीएस म्हणतात, जुन्या माणसांच्या तोंडी एमएसडीएस बसलेलं आहे. दोन्ही एकच. जगभर त्याचे १६ भाग ठरलेले आहेत आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. हा क्रम एकदा डोक्यात बसला की कुठल्याही कंपनीचा कागद चाळता येतो.

भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीच्या त्या रात्री दवाखान्यांतल्या डॉक्टरांना समोरचे रोगी कशानं तडफडताहेत आणि त्यावर उपाय काय, हे नीट सांगणारं कुणी नव्हतं. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्याखाली १९८९ चे धोकादायक रसायनांचे नियम आले आणि रसायनाबरोबर माहितीचा कागद देण्याची अट त्यांत घातली गेली. ते नियम कारखान्यांसाठी आहेत. शाळेच्या अडीच लिटरच्या बाटलीसाठी ते लिहिलेले नाहीत. पण तुम्हाला विकणाऱ्या कंपनीकडे हा कागद तयार असतोच. खरेदीच्या ऑर्डरमध्ये एक ओळ घाला : “मालाबरोबर एसडीएस द्यावी, अन्यथा माल स्वीकारला जाणार नाही.” रावपुऱ्यातला दुकानदार पहिल्यांदा कुरकुर करेल, दुसऱ्या वेळी स्वतःहून पाठवेल. जुन्या बाटल्यांसाठी कंपनीच्या वेबसाइटवर नाव आणि सीएएस क्रमांक टाकून शोधा.

कागद हातात आला की तीन गोष्टी जुळवा : कंपनी, तीव्रता, सुधारणेची तारीख. तीव्रता सगळ्यात आधी. ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा धोका एकसारखा नाही, म्हणून त्यांचे कागदही एक नाहीत.

सोळाही भाग सारख्याच बारकाईनं वाचायची गरज नाही. दुसरा भाग धोके सांगतो, चौथा प्रथमोपचार, पाचवा आग, सहावा सांडलं तर काय, सातवा साठवण, आठवा हातमोजे-गॉगल, दहावा कशाबरोबर ठेवू नये, तेरावा विल्हेवाट. शाळेला हे आठ पुरे.

दुसऱ्या भागात लाल चौकटीतली चित्रं असतात. एकूण नऊ आहेत. त्यातली दोन हमखास गोंधळात टाकतात : नुसती ज्वाळा, आणि गोलावर बसलेली ज्वाळा. पहिलं चित्र म्हणजे हे जळतं. दुसरं म्हणजे हे दुसऱ्याला जाळतं. स्पिरिटवर पहिलं, पोटॅशियम परमँगनेटवर दुसरं. ही दोन चित्रं एका फळीवर शेजारी दिसली की समजा, काहीतरी चुकलंय.

चौथा भाग वाचताना ‘लक्षणं उशिरा दिसू शकतात’ अशा अर्थाचं वाक्य शोधा. दहावीत लेड नायट्रेट तापवताना तपकिरी धूर निघतो, तांब्यावर नायट्रिक आम्ल टाकलं तरी निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. छातीत गेला तर त्या वेळी नुसता खोकला येतो आणि थांबतो. फुप्फुसात पाणी साठणं काही तासांनी सुरू होऊ शकतं, म्हणजे मूल घरी पोचून झोपल्यावर. म्हणून ज्याला धूर लागला, त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यायचं आणि त्याच्या घरी फोन करून सांगायचं. “आता बरं वाटतंय ना, जा” असं म्हणून पाठवायचं नाही.

एक पानाची चिठ्ठी

एसडीएस आठ-दहा पानी असते, इंग्रजीत असते. संकटात ती कुणी वाचत नाही. म्हणून तिच्यावरून एक पानी चिठ्ठी बनवायची. आमच्याकडे वर मराठी, खाली गुजराती, आणि रसायनाचं नाव इंग्रजीसह तिन्ही भाषांत. मुख्य काम हेच आहे आणि यालाच वेळ लागतो. आम्ही दिवसाला दोन अशा वेगानं सुरुवात केली. सगळ्यात आधी ज्या बाटलीनं आम्हाला धडा दिला तिची :

“अमोनिया द्रावण, २५ टक्के. डोळे आणि कातडी भाजते, वाफेनं श्वास कोंडतो. उघडण्याआधी बाटली अर्धा तास थंड पाण्यात ठेवा. गॉगल आणि हातमोजे घाला. खिडकी उघडा. बाटलीचं तोंड स्वतःकडे नको, दुसऱ्याकडेही नको. आम्लं, ब्लीचिंग पावडर, आयोडीन यांच्यापासून लांब ठेवा. डोळ्यात गेलं तर : वाहत्या पाण्याखाली १५ ते २० मिनिटं, पापण्या बोटांनी उघड्या धरून. लिंबू, व्हिनेगर काही लावू नका. मग डॉक्टर, ही चिठ्ठी सोबत न्या. सांडलं तर : मुलं बाहेर, खिडक्या उघड्या, बाईंना हाक.”

इतकंच. वाक्यं छोटी, क्रियापद आज्ञेचं. मसुदा झाल्यावर ती चिठ्ठी काकांना वाचायला दिली. मी आधी ‘श्वसनमार्गास दाह’ असं लिहिलं होतं. ते म्हणाले, “बेन, ए शुं?” तिथे ‘श्वास कोंडतो’ आलं. ज्याच्यासाठी चिठ्ठी आहे त्यानं ती वाचून दाखवल्याशिवाय लॅमिनेट करू नका.

आम्लांच्या चिठ्ठीवर दोन वाक्यं ठळक हवीत. पाण्यात आम्ल, आम्लात पाणी कधीच नाही. आणि कातडीवर सांडलं तर सोडा चोळायचा नाही, आधी भरपूर पाणी.

चिठ्ठ्या लॅबपुरत्या ठेवू नका. सफाईच्या खोलीत संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर शेजारी शेजारी असतात. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात तो जीवघेणा ठरू शकतो. सफाई करणाऱ्या मावशींना हे कुणी सांगितलेलं असतं का? दारामागे चिठ्ठी लावा आणि एकदा समोर बसून वाचूनही दाखवा.

छोट्या बाटल्यांची लेबलं

मूळ बाटलीवर सगळं छापलेलं असतं. बेंचवरच्या रीएजंट बाटलीवर पेननं लिहिलेलं एक सूत्र, तेही आम्लाच्या ओघळानं पुसलेलं. प्रत्येक छोट्या बाटलीवर पूर्ण नाव, तीव्रता, धोक्याचं चित्र आणि बनवल्याची तारीख लिहा, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. साध्या पाण्याच्या बाटलीवरही ‘पाणी’ लिहा. प्यायच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत काहीही भरू नका, एका तासासाठीसुद्धा. आणि टॉलेन अभिकर्मकाला (चांदीच्या आरशाच्या प्रयोगातलं द्रावण) लेबलच नको, कारण तो ठेवायचाच नसतो : लागेल तेवढाच बनवा आणि त्याच दिवशी विरल आम्ल घालून नष्ट करा. साठवला तर त्यात स्फोटक साका बसतो.

कपाट लावणं, आणि विश्वामित्री

इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे लावलेलं कपाट दिसायला नीटनेटकं असतं आणि तेच धोक्याचं. तसं लावलं की ॲसिटिक आम्ल अमोनियम नायट्रेटच्या शेजारी येतं. एसडीएसचा सातवा आणि दहावा भाग उघडून गट पाडा : आम्लं, अल्कली, पेटणारे द्रव, ऑक्सिडीकारक (म्हणजे दुसऱ्याला जाळणारे), विषारी लवणं. नायट्रिक आम्ल इतर आम्लांतही वेगळं, ॲसिटिकपासून तर नक्कीच लांब. ग्लिसरीन आणि पोटॅशियम परमँगनेट वेगवेगळ्या कपाटांत, कारण दोन्ही एकत्र आली की काडी न लावता पेटतात.

पुस्तकं सांगतात, आम्लं सगळ्यात खालच्या फळीवर ठेवा. डोळ्यांच्या उंचीवरून बाटली निसटू नये म्हणून ते बरोबरच आहे. पण २०१९ च्या जुलैअखेरीस आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये बडोद्यात ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरलं त्यांना विचारा. खालची फळी सगळ्यात आधी बुडते. आम्लं खालीच, पण खोल ट्रेमध्ये आणि घट्ट बुचाच्या बाटल्यांत. सोडियमसारखं पाण्याशी भांडणारं काहीही मात्र वरच्या फळीवर, बंद डब्यात. आणि लॅब तळमजल्यावर असेल तर पावसाळ्याआधी साठा वरच्या मजल्यावर हलवण्याची यादी आणि जबाबदार माणूस ठरवून ठेवा. पाणी वाढत असताना बाटल्या हलवायला जाऊ नका.

हाच पूर कागदांनाही लागू आहे. पूर्ण संच तीन ठिकाणी ठेवा : लॅबच्या दाराबाहेर भिंतीला अडकवलेली फाइल, वरच्या मजल्यावर ऑफिसात दुसरी, आणि फोनवर उघडेल अशी तिसरी. दाराबाहेर अशासाठी की आत धूर असेल तर फाइलीसाठी आत शिरावं लागू नये. कुलूप कुठल्याच प्रतीला नाही. भिंतीवर नंबर मोठ्या अक्षरात : १०८, १०१, आणि दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र, १८०० ११६ ११७. लिहिण्याआधी शाळेच्या फोनवरून हा नंबर एकदा लावून पाहा. बाहेरच्या कॉलना कुलूप असलेले फोन शाळांत असतात.

आम्लाची वही

हे ऐच्छिक नाही. लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या ॲसिड हल्ल्यांबाबतच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये ज्या सूचना दिल्या, त्यांत शिक्षणसंस्थाही येतात. वापराची नोंदवही ठेवायची आणि ती उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सादर करायची. आम्लाच्या ताब्यासाठी एक माणूस जबाबदार ठरवायचा. लॅबमधून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांची तपासणी करायची. आमच्या वहीत तारीख, आधीची शिल्लक, काढलेलं, कोणत्या वर्गासाठी, उरलेली शिल्लक आणि दोन सह्या असतात. ही वही माहितीच्या फाइलीशेजारीच असते, पण आम्लाच्या कपाटाला मात्र कुलूप.

माहिती जिवंत कशी राहते

वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर, यादी पुन्हा बाटल्यांशी ताडून पाहा. शिक्षक बदलले तर चार्ज देताना किल्ल्यांबरोबर ही यादीही सहीनिशी द्या. नवी बाटली चिठ्ठी तयार झाल्याशिवाय फळीवर जात नाही, ती ट्रेमध्ये थांबते.

बडोद्याच्या शाळांना एक सोय आहे, ती वापरा. इथे वर्गातल्या कुणाचे ना कुणाचे बाबा कोयलीच्या रिफायनरीत, जीएसएफसीच्या खत कारखान्यात नाही तर नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत असतातच. एसडीएस हा त्यांच्या रोजच्या कामाचा कागद. आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील सेफ्टीत आहेत. ते एका शनिवारी आले, तीन तास बसले आणि आमच्या अकरा चिठ्ठ्या लाल पेननं दुरुस्त करून गेले. एका चिठ्ठीवर आम्ही हातमोजे लिहिले होते, त्यांनी कोणत्या रबराचे ते लिहायला लावलं.

परीक्षा घ्यायची ती अशी : न सांगता लॅब असिस्टंटच्या किंवा काकांच्या हातात एक बंद बाटली द्यायची आणि घड्याळ लावायचं. “ही डोळ्यात उडाली. आता?” तीस सेकंदांत चिठ्ठी सापडून पहिलं पाऊल सांगता आलं तर ठीक, नाही तर कागदाची जागा किंवा भाषा बदलायची. पहिल्या वेळी आमचे चार मिनिटं गेले होते. मागच्या महिन्यात काकांनी चिठ्ठीला हातही लावला नाही. नळाकडे बोट दाखवलं, “वीस मिनिट, बेन,” म्हणाले, आणि मग मलाच विचारलं की नळाखाली बादली कोणी ठेवली.